साक्षीदार उरला म्हणून

प्रश्न : बाई, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे, आता कॅनडात टोरंटो विमानतळाला लागून असलेल्या माल्टनमध्ये राहतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. इथे ११ नोव्हेंबरला युद्धात गेलेल्यांचा स्मरणदिन पाळतात, त्या दिवशी तो वर्गात एका सैनिकाबद्दल बोलणार आहे. उन्हाळ्यात आम्ही हॅमिल्टनच्या विमान संग्रहालयात चार इंजिनांचं एक जुनं बॉम्बर पाहिलं. तिथेच त्याला अँड्र्यू मिनार्स्की हे नाव मिळालं. आता तो मला दोन प्रश्न विचारतो आणि मला नीट सांगता येत नाही. मिनार्स्की मित्राला सोडवू शकला नाही, तरी त्याला एवढं मोठं पदक का दिलं? आणि तो तर बॉम्ब टाकायला निघालेल्या विमानात होता, मग त्याची आठवण का काढायची? — एक आई, माल्टन

उत्तर : तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण इतके सरळ प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारले. तुमच्या मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

आधी तुमच्या दारातली गोष्ट. तुम्ही राहता त्या माल्टनमध्ये युद्धाच्या काळात व्हिक्टरी एअरक्राफ्ट नावाचा कारखाना होता. तिथे ४३० लँकॅस्टर बॉम्बर बांधली गेली. मिनार्स्की ज्या विमानात होता, त्याचा नंबर केबी ७२६, तेही त्यातलंच. म्हणजे ते विमान तुमच्या गावात जन्मलं आणि फ्रान्सच्या शेतात पडलं. तुम्ही हॅमिल्टनला पाहिलंत ते त्याच कारखान्यातलं धाकटं भावंड. ते १९४५ साली तयार झालं, त्याला युद्ध लागलंच नाही. पुढे समुद्रावर गस्त घालून ते निवृत्त झालं, कित्येक वर्षं एका गावात नुसतं उभं होतं. संग्रहालयाने ते खपून दुरुस्त केलं आणि सप्टेंबर १९८८ मध्ये पुन्हा उडवलं. मिनार्स्कीच्या नावाने ते अर्पण केलं आणि त्याच्या विमानाची व्हीआर-ए ही अक्षरं त्यावर रंगवली. एकूण सात हजारांवर लँकॅस्टर बांधली गेली होती. आज जगात उडू शकणारी दोनच उरली आहेत, आणि त्यातलं एक तुमच्या मुलाने पाहिलं आहे.

आता माणसाबद्दल. अँड्र्यू मिनार्स्कीचा जन्म १४ ऑक्टोबर १९१६चा, विनिपेगचा. आईवडील पोलंडहून येऊन तिथे स्थायिक झालेले. हा सोळा वर्षांचा असताना वडील गेले. घराला हातभार म्हणून त्याने फर-कातड्याच्या धंद्यात कातडी कापायचं काम धरलं आणि तिथे चार वर्षं काढली. १९४१ साली तो कॅनडाच्या हवाई दलात भरती झाला. मित्र त्याला अँडी म्हणत. इंग्लंडच्या उत्तरेला मिडलटन सेंट जॉर्ज नावाचा विमानतळ आहे, तिथल्या कॅनडियन ४१९ स्क्वॉड्रनमध्ये तो होता. लँकॅस्टरमध्ये सात जण असत. पायलट, इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर. मिनार्स्की पाठीवरच्या घुमटात बसणारा गनर. शेपटीच्या टोकाला बसायचा पॅट ब्रॉफी. विमानाच्या मागच्या भागात हे दोघेच, म्हणून त्यांची विशेष गट्टी. ब्रॉफी हुद्द्याने वरचा. रात्री निरोप घेताना अँडी त्याला ‘गुड नाइट, सर’ म्हणायचा. मित्रालाच असा अदबीने म्हणायचा, आणि दोघेही हसायचे.

१२ जून १९४४च्या रात्री त्यांना फ्रान्समधल्या कांब्रे गावच्या रेल्वे यार्डावर पाठवलं. या सात जणांची ती तेरावी मोहीम. निघण्यापूर्वी विमानाजवळच्या गवतात मिनार्स्कीला चार पानांचं क्लोव्हर सापडलं. तिकडे ते शुभ मानतात. ते त्याने स्वतःकडे ठेवलं नाही, ब्रॉफीला दिलं.

मध्यरात्र उलटल्यावर जर्मन लढाऊ विमानाने त्यांना मागून आणि खालून गाठलं. डाव्या पंखावरची दोन्ही इंजिनं बंद पडली. पंख पेटला, आणि दोन गनरांच्या मधल्या जागेतही आग भडकली. पायलटने उड्या मारायचा हुकूम दिला. मिनार्स्की घुमटातून खाली उतरला, मागच्या दाराशी पोचला. उडी मारायची तेवढीच बाकी होती. त्याने शेपटीकडे पाहिलं. ब्रॉफी आपल्या टरेटमध्ये, म्हणजे बंदुका बसवलेल्या फिरत्या बैठकीत, अडकलेला. ते टरेट डाव्या बाजूच्या इंजिनाच्या जोरावर फिरायचं आणि ती इंजिनंच बंद. हाताने फिरवायचा दांडा होता, तो ब्रॉफीच्या धडपडीत मोडून गेला होता.

मिनार्स्की दारातून परत फिरला. जळत्या तेलातून हातापायांवर रांगत शेपटीपर्यंत गेला. तिथे आगीपासून बचावासाठी ठेवलेली कुऱ्हाड होती, तिने त्याने टरेटवर घाव घातले. मग नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. तोवर कमरेपासून खाली त्याचे कपडे पेटले होते. ब्रॉफीने आतून हात हलवून सांगितलं, जा, माझं काही होणार नाही, तू जा. मिनार्स्की मागे रांगत दारापाशी आला. मित्राकडे पाठ फिरवली नाही. तिथे तो ताठ उभा राहिला, पेटलेल्या कपड्यांनिशी कडक सॅल्यूट ठोकला आणि मग उडी मारली. इंजिनांच्या घरघरीत ब्रॉफीला ऐकू काहीच आलं नाही. पण ओठ हलताना दिसले आणि शब्द त्याला कळले. रोजचेच होते.

खालच्या फ्रेंच शेतकऱ्यांना पेटलेलं पॅराशूट उतरताना दिसलं. त्यांना तो सापडला, पण इतका भाजला होता की वाचला नाही. सत्ताविसाव्या वर्षी गेला. मेआरिकूर गावाच्या स्मशानात, गावकऱ्यांच्या थडग्यांच्या सोबतीने, त्याची कबर आहे.

आणि ब्रॉफी? विमान खाली येताना डावा पंख झाडावर आदळला, विमान गिरकी खाऊन मोडलं आणि ब्रॉफी बाहेर फेकला गेला. शुद्धीवर आला तेव्हा तो जिवंत होता. बाकीचे पाचही जण वाचले. सात जणांत गेला तो एकटा मिनार्स्की.

तुमच्या मुलाला आता पहिलं उत्तर मी असं देईन. बाळा, पदकाच्या सरकारी कागदात लिहिलं आहे की तो दाराकडे निघाला होता, आणि गनरला सोडवायला गेलो तर आपला जीव जवळजवळ नक्की जाणार हे त्याला पुरतं ठाऊक असलं पाहिजे. तो परत गेला. पदक त्या परत जाण्याचं आहे, ब्रॉफी सुटला की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. तुझ्या वर्गात पोहता येणारा कोणी बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारेल आणि हात पोचणार नाही, तर त्याची उडी खोटी ठरेल का?

पण यापुढचं मला जास्त सांगावंसं वाटतं. ही हकिकत आपल्याला कशी कळली? त्या आगीत दोनच माणसं होती. त्यातला एक गेला. दुसरा ज्या विमानातून कोणी वाचणं शक्य नव्हतं त्यातून वाचला, फ्रेंच लोकांनी त्याला जर्मनांपासून लपवून ठेवलं, काही महिन्यांनी तो इंग्लंडला पोचला. तिथे पोचल्यावर त्याला अँडी गेल्याचं कळलं. मग त्याने तोंड उघडलं. पायलटने पाठपुरावा केला, आणि ११ ऑक्टोबर १९४६ला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, जाहीर झाला. म्हणजे मिनार्स्की मेल्यावर दोन वर्षांहून अधिक काळाने. ब्रॉफी त्या झाडाशी मेला असता, तर मिनार्स्कीच्या नावापुढे एवढीच नोंद राहिली असती की अमुक रात्री, अमुक विमान, मृत.

ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसांनी विमानातून काम केलं. सगळे स्वखुशीने आलेले. त्यातले ५५,५७३ मेले. लंडनजवळ रनीमीड इथे एक स्मारक आहे, ज्या हवाई सैनिकांची कबरच नाही अशा वीस हजारांहून अधिक जणांची नावं तिथे दगडावर आहेत. त्या विमानांत शेवटच्या मिनिटांत काय झालं? कोण दारातून परत फिरला, कोणी कोणाला हात दिला? सातही गेले तिथे सांगायला कोणी उरलं नाही. मला खात्री आहे की त्यांच्यात आणखी मिनार्स्की होते. म्हणून मी त्याची गोष्ट सांगते तेव्हा ती एकट्याची म्हणून सांगत नाही. ज्यांचा ब्रॉफी वाचला नाही त्या सगळ्यांच्या वतीने सांगते.

आता दुसरा प्रश्न. तो टाळायचा नाही, मुलांपुढे तर मुळीच नाही. त्या रात्रीचं लक्ष्य रेल्वे होतं. सहाच दिवसांपूर्वी, ६ जूनला, दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं होतं आणि जर्मन कुमक आगगाड्यांनी येत होती, ती तोडायची होती. हे खरं. पण अशा रेल्वे हल्ल्यांत खुद्द फ्रेंच नागरिक मेले, हेही खरं. आणि याच बॉम्बर कमांडने जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग जाळलं, तिथे तीस हजारांहून जास्त माणसं गेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेनला सुमारे पंचवीस हजार. त्यात तुमच्या मुलाच्या वयाची मुलं होती. ब्रिटनलासुद्धा या माणसांचं राष्ट्रीय स्मारक लंडनमध्ये उभारायला २०१२ साल उजाडलं.

मी खडकीत वाढले. माझे वडील इथल्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते, एकतीस वर्षं काडतुसांच्या कामावर. ती काडतुसं कुठे गेली हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. मला विचारावंसं वाटलं तेव्हा ते नव्हते. म्हणून मुलाने विचारलं यातच मला बरं वाटतं. त्याला म्हणावं, दोन्ही बोल. अँडी कातडी कापणारा पोरगा होता, मित्रासाठी आगीत गेला, हे बोल. आणि ज्या गावांवर बॉम्ब पडले तिथेही कोणीतरी कोणासाठी आगीत गेलं असेल, हेही बोल. एक बोललं की दुसरं खोटं पडत नाही. वर्गात कोणी जर्मन आडनावाचं मूल असेल तर ते ऐकताना मान खाली घालणार नाही, असं बोल.

शेवटी एक काम सुचवते. मिनार्स्की ज्या मॅनिटोबा प्रांतातला, तिथे एक फार सुंदर प्रथा आहे. युद्धात गेलेल्या आपल्या माणसांची नावं त्यांनी तळ्यांना, बेटांना, उपसागरांना दिली आहेत. चार हजारांहून अधिक नावं अशी नकाशावर आहेत. मिनार्स्कीच्या नावाचीही तळी आहेत, विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे, इंग्लंडमध्ये त्याच्या जुन्या विमानतळावर सॅल्यूट करणारा पुतळा आहे. त्याला कोणी विसरणार नाही. तेव्हा मुलाने नकाशा उघडून एखाद्या बॉम्बरवरच्या दुसऱ्या कोणा माणसाचं तळं शोधावं, ज्याची काहीच गोष्ट सापडत नाही. भाषण मिनार्स्कीचं करावं, आणि संपवताना ते दुसरं नाव मोठ्याने वाचावं. नुसतं नाव आणि वय.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरच्या शेपटीत बसणाऱ्या गनरला सुटणं फार अवघड जायचं असं वाचलं. पॅराशूट अंगावर बांधूनच का बसत नसत? आणि हा रचनेतला दोष होता तर कोणी सुधारला का नाही? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : जागाच नव्हती. लँकॅस्टरचं मागचं टरेट म्हणजे चार मशीनगनांच्या मधोमध कोंबलेली एक बैठक. जाड गरम कपडे घालून माणूस आत शिरला की छातीवर पॅराशूटचं गाठोडं मावत नसे. ते टरेटच्या मागे, विमानाच्या अंगात, कडीला अडकवलेलं असायचं. सुटायचं तर टरेट सरळ रेषेत आणायचं, मागची दारं उघडायची, हात मागे घालून पॅराशूट घ्यायचं, छातीला अडकवायचं, मग टरेट पुन्हा बाजूला फिरवून पाठीवर बाहेर पडायचं. हे सगळं अंधारात, पडत्या विमानात. टरेट फिरायचं ते इंजिनावर चालणाऱ्या हायड्रॉलिक पंपाने. ते इंजिन गेलं की हाताचा दांडा. दांडा मोडला की संपलं. वरच्या उत्तरातल्या ब्रॉफीचं नेमकं हेच झालं. त्यात जर्मन वैमानिक मागून, खालून यायचे, कारण पोटाखाली पाहणारं कोणी नव्हतं. पुढे तर त्यांनी वरच्या दिशेने रोखलेल्या तोफा बसवल्या.

दोष फक्त शेपटीत नव्हता. फ्रीमन डायसन हे पुढे मोठे भौतिकशास्त्रज्ञ झाले. ऐन विशीत ते बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करत होते. पडलेल्या विमानांतून किती जण जिवंत सुटतात हे तिथे तपासलं गेलं, तेव्हा हॅलिफॅक्स बॉम्बरपेक्षा लँकॅस्टरमधून फारच कमी माणसं सुटतात असं दिसलं. लँकॅस्टरचं नाकातलं झडपेचं दार २२ इंच रुंद होतं, हॅलिफॅक्सचं २४. दोन इंच. पॅराशूटसकट माणूस बाहेर पडायचा आहे, म्हणजे दोन इंचांत जीव आणि मरण. दार रुंद करावं म्हणून खटपट झाली, पण ते होईस्तोवर युद्ध संपत आलं. या सगळ्याचा डायसन यांना आयुष्यभर सल राहिला आणि त्यांनी त्याबद्दल मोकळेपणाने लिहिलं.

तुम्ही उद्या काही बनवाल तेव्हा बाहेर पडायचं दार आधी काढा, बाकीचं यंत्र त्याच्याभोवती.

प्रश्न : आमच्या आजोबांचे थोरले भाऊ युद्धात हिंदुस्थानच्या हवाई दलात गनर होते. ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले ते परत आले नाहीत. घरात एक फोटो आणि एक पत्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर त्यांचं नाव शोधलं, मिळालं नाही. आता कुठे शोधायचं? — नाशिकहून एक वाचक

उत्तर : दिल्लीला नाव नाही म्हणून मन खट्टू करू नका. राष्ट्रीय युद्ध स्मारकावर स्वातंत्र्यानंतर गेलेल्यांची नावं आहेत. इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातली आणि १९१९च्या अफगाण युद्धातली. दुसऱ्या महायुद्धातला तुमचा माणूस या दोहोंच्या मधल्या काळातला.

राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतं, पैसे लागत नाहीत. आपल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा कारकून ऐकू येईल तसं लिहायचा. गायकवाडांचं ‘गायकवार’ व्हायचं. तेव्हा आडनाव चार तऱ्हांनी लिहून पाहा, आडनाव सोडून नुसतं वडिलांचं नाव टाकून पाहा. आशियात गेलेल्या आणि कबर नसलेल्या हवाई सैनिकांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर कोरली आहेत. माझा पहिला तर्क तिथला आहे. ‘भारत-रक्षक’ या संकेतस्थळावरही हवाई दलातल्या माणसांची मोठी यादी आहे.

बॉम्बरवर असतील तर बहुधा ७ किंवा ८ नंबरच्या स्क्वॉड्रनमध्ये असतील. या दोन्ही स्क्वॉड्रननी १९४३च्या अखेरपासून १९४४च्या मध्यापर्यंत व्हेंजन्स नावाची अमेरिकन विमानं लढाईत वापरली. उंचावरून सरळ खाली सूर मारून बॉम्ब टाकायचा, आराकान आणि इंफाळच्या बाजूला. त्यात दोनच माणसं, पुढे पायलट आणि मागे गनर. खाली घनदाट जंगल. त्यातलं एखादं विमान परत आलं नाही तर सांगणारं तिसरं कोणी नसायचंच. म्हणून तुमच्या घरचा तो कागद जपा. वरच्या उत्तरात मिनार्स्कीसाठी ब्रॉफी होता, तुमच्यासाठी हे पत्र आहे.

मी आजही महिन्यातून एकदा खडकीच्या युद्ध स्मशानात जाते. शाळेत असताना तिथे शिरून आम्ही मैत्रिणी नावं वाचायचो, वय वीस, वय एकोणीस, खाली कुणाच्या घरच्यांनी दिलेली एखादी ओळ. माझ्या आजीने एकदा विचारलं होतं, यांच्या आया कधी आल्या का गं इथे? त्याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

तुमच्या पत्राच्या दोन्ही बाजूंचा आणि फोटोच्या पाठीचाही स्वच्छ फोटो काढून मला पाठवा. पाकीट असेल तर ते टाकू नका, त्यावरचा शिक्का आणि तारीख मला हवी आहे. आणखी एक पाहा, त्यावर हवाई दलाच्या इंग्रजी आद्याक्षरांत ‘रॉयल’चा ‘आर’ आहे का. ‘रॉयल’ हा शब्द मार्च १९४५ मध्ये जोडला गेला. तो असेल तर पत्र त्यानंतरचं, मग व्हेंजन्सचा माझा तर्क चुकला आणि आपल्याला दुसरीकडे शोधावं लागेल.